कासराभर दिवस असताना

"तुमी खोटं लिवलं, साहेब. आन माझ्या अंगठ्यावर लिवलं."

करमाडच्या चावडीत शंभरेक माणूस बसलं होतं. बानाबाई दाराशी, बाया बसतात तिथं बसली होती; ती उठून बाप्यांच्या मधून वाट काढत पुढं आली आणि खुर्चीवरच्या साहेबाकडं बोट करून हे बोलली. शहराहून आलेल्या त्या साहेबाला सकाळपासून चहा विचारला होता, पाणी विचारलं होतं, पान विचारलं होतं. जाब कोणी विचारला नव्हता.

"बाई, खाली बसा," साहेब म्हणाला. "अहवाल वाचून होऊ द्या."

"लई ऐकला. म्या मेले तेवढं लिवायचं ऱ्हायलंय त्याच्यात."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. ज्याच्या हातात तो अहवाल होता तो कारकून बद्रीनाथ मान खाली घालून कागदावर ओळ शोधत राहिला. ओळ कुठं हरवली नव्हती.

त्याचं असं झालं.

सत्त्याऐंशी साली, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, बानाबाई गायरानात मेंढरं चारत होती. सात खंडी, म्हणजे एकशेचाळीस. नवरा केरबा खालच्या विहिरीवर पाणी आणायला गेला होता. मावळतीला दिवस कासराभर वर होता. मावळतीकडून एक वस्तू आली. आवाज नाही, धूर नाही. पितळी परात उपडी घालावी तशी, पण गाडीच्या चाकाहून मोठी, आणि वारा समोरून असताना त्या वाऱ्यावर चढत आलेली. बाभळीच्या वर, गोफणीच्या दोन टप्प्यांवर ती थांबली. तिची सावली गायरानावरून सरकत आली आणि मेंढरांवर पडली. जिथं सावली पडली तिथली मेंढरं बसली. गुडघे मोडून, गपकन, रात झाल्यासारखी. चरायच्या वेळेला मेंढरू बसत नाही. मेंढरामागं जन्म गेलेल्याला हे सांगावं लागत नाही, आणि खुर्चीवर बसलेल्याला सांगून कळत नाही. मग ती वस्तू उभीच्या उभी आभाळात चढली आणि दिसेनाशी झाली. सावली निघाली तशी मेंढरं उठली आणि पुन्हा चरायला लागली. बानाबाईच्या मात्र हातातली काठी गळून पडली होती, ती तिनं बऱ्याच वेळानं उचलली.

एकटीनं पाहिलं असतं तर गावानं तिला लिंबू उतरून टाकायला सांगितलं असतं. पण सात जणांनी पाहिलं. खळ्यावर ज्वारीची रास करत असलेल्या पोलीस पाटलांनी, आप्पासाहेबांनीसुद्धा पाहिलं. शहरातल्या पेपरात चार ओळी आल्या. मग वरून विचारणा झाली. वर म्हणजे कुठून, ते खालच्यांना कोणी सांगत नसतं. आठवड्याभरात जीप आली, जीपमधून साहेब आला, साहेबामागं बद्रीनाथ आला, आणि उडत्या वस्तूची सरकारी चौकशी सुरू झाली.

"किती वाजता दिसलं?" साहेबानं विचारलं होतं.

"दिवस कासराभर व्हता."

"म्हणजे किती?"

बानाबाईनं मावळतीकडं हात लांब केला. बैलाचा कासरा केवढा असतो, तेवढा दिवस जमिनीपासून वर. याहून सोपं काय सांगायचं? साहेबाला कळलं नाही, तो शहराचा. पण बद्रीनाथ शेतकऱ्याच्या पोटचा. त्याचा बाप औताच्या मागं चालून चालून मेला. कासराभर दिवस म्हणजे काय, हे त्याला आईच्या दुधासोबत कळलेलं होतं.

"विमान असेल," साहेब म्हणाला.

"इमान मला रोज दिसतंय की. चिकलठाण्याला उतरतंय. ते गुरगुरतंय, मेंढरं त्याच्याकडं ढुंकून बी पहात नाय."

"गिधाड?"

"साहेब, गिधाड वळखाया मला तुमची जीप लागती व्हय?"

साहेब तेव्हा हसला होता. बद्रीनाथानं कोरा कागद पुढं केला. "मावशी, साहेबांना उशीर होतोय. तुम्ही खाली अंगठा द्या. वर मी हापिसात बसून निवांत लिहितो, चांगल्या अक्षरात."

बानाबाईनं अंगठा दिला. शहाणी माणसं म्हणतील, वेडी कुठली, कोऱ्या कागदावर कोणी अंगठा देतं का? तर ऐका. तिच्या धंद्यात कागद नसतो. शेतकरी म्हणतो, ये, आमच्या वावरात मेंढरं बसव. धनगर मेंढरं घेऊन जातो, भोवती जाळं लावतो, त्याला वाघूर म्हणतात, आणि आठ दिवस मेंढरं तिथं बसवून लेंडीखत देतो. शेतकरी बोललेलं धान्य देतो. शब्द दिला की दिला. बोलल्याप्रमाणं दुसरा वागणारच, ह्या हिशेबानं तिच्या सात पिढ्या जगल्या. ती बद्रीनाथालाही त्याच मापानं मोजायला गेली. चूक म्हणायची तर एवढीच.

महिन्यानं चावडीत अहवाल वाचला गेला तेव्हा त्या कोऱ्या कागदावर काय उगवलं होतं ते गावानं ऐकलं. साक्षीदार बानाबाई, वय अंदाजे पासष्ट. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या साली ही बाई आईच्या पाठीवरच्या झोळीत होती, म्हणजे चाळिशीलाही पोचली नव्हती. निरक्षर, वेळेचं ज्ञान नाही. सायंकाळी पावणेआठ वाजता अंधारात पश्चिमेला शुक्र ग्रह पाहून घाबरली, आरडाओरड केली, त्यामुळं इतरांचा गैरसमज होऊन गावात अफवा पसरली. आपली चूक झाल्याचं साक्षीदारानं स्वखुशीनं मान्य केलं आहे. निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.

तिथं ती उठली.

"पावणेआठ कुठून आणलं, बद्रीभाऊ? म्या कासराभर दिवस म्हनलं व्हतं. सांग ना. तुला कासरा ठाव नाय?"

"मावशी, ते... तांत्रिक आहे," बद्रीनाथ पुटपुटला.

"चांदनी दिसाया अंधार लागतो म्हनून तू माझा दिवस बुडवला. दुसरं काय बी तांत्रिक नाय." ती साहेबाकडं वळली. "आन शुक्र म्हनता? साहेब, होळीच्या आधीपासून शुक्र पहाटं उगवतोय. उगवतीला. रोज त्याला पाहून म्या वाघूर सोडते. आज बी पाहिलाय. तुमी त्याला उचलून सांजच्याला मावळतीला नेऊन टांगला. कोनाला इचारून?"

चावडीत कुजबुज झाली. गावात पहाटे उठणारी माणसं पुष्कळ होती. प्रत्येकानं मनातल्या मनात उगवतीकडं पाहिलं असणार.

"आन त्याची सावली पडली व्हती. माझ्या मेंढरांवर. चांदनीची सावली पडती व्हय?"

साहेबानं चष्मा काढून पुसला. मग तो समजुतीच्या आवाजात बोलला, जो आवाज शिवीपेक्षा वाईट असतो. बाकी सहा जणांनी शुक्रच पाहिल्याचं लिहून दिलं आहे. तुम्हीही एका हमीपत्रावर अंगठा द्या, की पुन्हा असं बोलणार नाही. विषय संपला. नाहीतर अफवा पसरवणाऱ्याला चराईचा पास द्यायचा का, याचा आमच्या जिल्हा कचेरीला विचार करावा लागेल.

पास नाही म्हणजे गायरान नाही, रान नाही. पास नाही म्हणजे मेंढरं दिसतील तिथून कोंडवाड्यात. एका कागदानं सात खंडी मेंढरांच्या तोंडातला घास धरला होता, आणि तोही वैशाखाच्या तोंडावर.

बानाबाईनं आप्पासाहेबांकडं पाहिलं. "पाटील, तुमी खळ्यावरून हाळी दिली व्हती मला. ‘बाने, वर बघ’ म्हनून. दिली का नाय?"

आप्पासाहेब फेट्याचं टोक चाचपत बसले. त्यांच्या पोराच्या नोकरीची ऑर्डर त्याच कचेरीतून निघायची होती. "आता... ऊन डोळ्यावर होतं," ते म्हणाले.

"ऊन व्हतं ना?" बानाबाई कडाडली. "मंग पावणेआठला ऊन कसं पडलं?"

चावडी हसली. आप्पासाहेब हसले नाहीत, साहेबही हसला नाही. हमीपत्र टेबलावर पडून राहिलं आणि बानाबाई चपला हातात घेऊन निघून गेली.

पालावर केरबानं डोकं धरलं. "अगं, दे ना अंगठा. अंगठ्यानं काय व्हतंय? जे पाहिलं ते पाहिलं. मेंढरं जगली पायजेत."

"आवं, मेंढरं आपल्या शब्दावर जगत्यात. उद्या वावरात बसवाया गेलो, आन शेतकरी म्हनला, ही ती शुक्राला भेनारी, वेळ बी न कळनारी बाई, हिच्या भरवशावर कोन वावर देईल? पास देतील आन वावर घालवतील. कुठं चाराल?"

"सरकारासंगं भांडून कोन जितलंय?"

"म्या भांडत नाय. म्या इचारनार हाय."

केरबा चिलीम भरत राहिला. नंतर म्हणाला, "कसं इचारनार?"

"मेंढरं घेऊन."

दुसऱ्या दिवशी शुक्र उगवल्याबरोबर त्यांनी वाघूर सोडली. जालना रोडनं एकशेचाळीस मेंढरं, दोन कुत्री, एक घोडी आणि तिच्यावर बिऱ्हाड. ट्रकवाल्यांनी हॉर्न मारले, शिव्या घातल्या. चिकलठाण्याला ऊन चढलं. अकराच्या सुमाराला ते औरंगाबादेत त्या कचेरीसमोर उभे राहिले. कचेरीपुढं हिरवळ होती, नळानं रोज पाणी पाजून राखलेली. चैत्रात सगळ्या जिल्ह्यात एवढं हिरवं कुठं नव्हतं. मेंढरांना आमंत्रण लागलं नाही.

फाटकावरचा शिपाई धावत आला. "ओ अम्मा! किधर घुसा रै ये बकऱ्याँ? सरकारी दफ्तर है ये!"

"बकऱ्या नाय, बाबा. मेंढरं. नीट पाहून सांगत जा, नायतर तुझा बी अहवाल व्हईल."

"नक्को अम्मा, मेरी नौकरी जाती ना!"

"तू पानी पी. तुझ्यासंगं माझं भांडन नाय."

तिनं आणि केरबानं मेखा ठोकल्या आणि हिरवळीभोवती वाघूर ताणली. कुत्री फाटकात बसली. बघता बघता माणसं गोळा झाली. कामासाठी खेटे घालणारे, शेजारच्या टपरीवरचे, रिक्षावाले. काय झालं, काय झालं? बानाबाईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कासराभर दिवस, सावली, बसलेली मेंढरं, कोरा कागद, पावणेआठ. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत गर्दी रस्त्यावर गेली होती, आणि पेपरवाला एक पोरगा वहीत लिहीत होता.

"मावशी, पन शुक्र सांजंला बी असतोय की," गर्दीतल्या एकानं काडी टाकली.

"असतोय. आठ-नऊ महिने सांजंला, मंग पहाटं. औंदा दिवाळीपासून पहाटं हाय. उद्या पहाटं उठून बघ, माझ्यावर इसवास ठेवू नको."



साडेबाराला साहेब खाली आला. मागं बद्रीनाथ, हातात फाईल. साहेबानं लेंड्यांनी भरलेली हिरवळ पाहिली, गर्दी पाहिली, वहीवाला पोरगा पाहिला, आणि त्याचा आवाज चावडीतल्यापेक्षा बराच मऊ झाला.

"बाई, हे बरं दिसत नाही. तुमचा पास तयार आहे. शिक्का मारून आणलाय. हमीपत्र वगैरे काही नको. अंगठाही नको. घ्या आणि मेंढरं हलवा."

बद्रीनाथानं पास पुढं केला. केरबानं बानाबाईकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यात विनवणी होती: घे. जिंकलीस. चल.

तिनं पास घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि केरबाच्या हातात दिला. "ठेवा. हा आपल्या हक्काचाच व्हता, उपकार नाय." मग ती हिरवळीच्या काठावर मांडी घालून बसली.

"आता काय?" साहेब म्हणाला.

"त्या कागदाचं काय? त्याच्यात म्या खोटी हाय अजून."

"तो अहवाल वर गेलाय. आता त्यात बदल होत नाही."

"वर गेला? मंग वरून परत आना. ते वर गेलेलं काय व्हतं हे शोधाया आलते ना तुमी?"

लोक खदखदले. साहेब पुढं आला. तो वाकला आणि हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं बोलला, "बाई, आम्हालाही माहीत नाही ते काय होतं. पण माहीत नाही असं लिहिता येत नाही हो. वरचे विचारतात."

"तुमाला इचारलं म्हनून तुमी मला खोटं पाडलं?" बानाबाई मोठ्यानं म्हणाली, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. "बद्रीभाऊ, काढ कागद. कोरा. आज जबाब माझा नाय, तुझ्या साहेबाचा. मला लिवता येत नाय, पन हे उभे हायेत ना एवढे, ते वाचून सांगतील काय लिवलं ते."

बद्रीनाथानं साहेबाकडं पाहिलं. साहेबानं नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. बद्रीनाथाचा हात फाईलमध्ये गेला, आणि कागद बाहेर आला. त्यानं पेनाचं टोपण काढलं. चावडीतल्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यानं बानाबाईच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"सांगा, मावशी. काय लिहू?"

"लिव. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, दिवस कासराभर असताना, मावळतीकडून, वाऱ्याच्या उलट, सावली पाडत जे आमच्या मेंढरांवरून गेलं, ते काय व्हतं? ठाव असंल तर नाव लिवा. ठाव नसंल तर ठाव नाय असं लिवा, आन खाली सही करा."

बद्रीनाथानं तेवढं लिहून काढलं. बानाबाई साहेबाकडं पाहत होती, आणि ऊन तिच्या डोळ्यावर असूनही तिनं हात आडवा धरला नाही.

"बोला, साहेब. काय व्हतं ते?"