चिकटवलेला धडा

मुलानं आपल्या पोरीचं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं. "बाबा, ही समोरासमोरची दोन पानं चिकटवून बंद करून द्या."

म्हाताऱ्याची हयात पुस्तकं बांधण्यात गेली होती. सुटलेली पानं जोडायला लोक यायचे, बंद करायला कुणी आलं नव्हतं. धडा होता सजीव बदलत बदलत कसे आले याचा. म्हाताऱ्यानं तो वाचला होता. उतारवयात त्याला अक्षरं शिकवली ती नातीनंच, आणि दुकान आवरलं की दोघं तिच्याच पुस्तकावर बोट ठेवून वाचत बसायची.

"शाळेचं पुस्तक आहे ते," तो म्हणाला.

"शाळेत ठेवलंय तेच पुष्कळ समजा. नाहीतर नाव काढून घरीच शिकवतो. देवानं एकेक जीव आपल्या हातानं घडवला, एवढं पुरे तिला."

"आणि तिनं विचारलं तर?"

"विचारलंय तिनं." मुलाचा आवाज उतरला. "तिची आई गेली तेव्हा मी सांगितलं, ज्यानं घडवली त्यानंच परत नेली. त्यावर पोर झोपायला तरी लागली. काल म्हणते, कुणी घडवलीच नसेल तर नेली कुणी? काय सांगू, बाबा?"

पोरीची शाळा तुटू नये एवढंच म्हाताऱ्याला कळत होतं. त्यानं पिठाची पातळ खळ कालवली आणि नुसत्या कडांवरून बोट फिरवलं. पोर मोठी झाली की वाफ दाखवायची, पानं आपोआप सुटतील.

पण मुलगाही याच दुकानात वाढलेला. त्यानं पानावरून अंगठा फिरवला.

"मलाच शेंडी लावता होय? मधे कोरडं आहे. खळ नको, सरस घ्या."

म्हाताऱ्यानं सरस तापवला आणि पानभर लावला. वजनाचा दगड वर ठेवताना त्याचं लक्ष गेलं. नात दप्तर पोटाशी धरून बघत होती.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं ते जाड पान दिव्यासमोर धरलं.

"दोन्हीकडची अक्षरं एकमेकांत घुसलीत. काही लागत नाही. आजोबा, तुम्ही वाचलाय ना हा धडा? काय होतं त्यात?"

आत भांडी घासायचा आवाज थांबला.

"मला कुठं एवढं वाचता येतं," म्हातारा म्हणाला.

"येतं की. मी शिकवलंय."

"विसरलो. म्हाताऱ्याचं डोकं, गळकं मडकं."

एरवी ती खुदकन हसली असती. आज उठली, कपाटाखालची जुनी पाटी ओढून काढली, धूळ झटकली आणि एक शब्द लिहून त्याच्यापुढे ठेवला. 'आई'. तिनं शिकवलेला पहिला शब्द. तेव्हा त्याला तो साधला, तर ती दुकानभर नाचली होती.

"हे तरी वाचा."

मुलगा ओल्या हातांनी दारात येऊन उभा होता. नात बापाकडे बघत नव्हती. तिनं आजोबांचं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं.

म्हातारा त्या अक्षराकडे बघत राहिला.

"नाही येत, बाळा."

तिनं त्याचं बोट सोडलं. फ्रॉकच्या कडेनं पाटी पुसली.