आतड्याची कळी

मी एक जुनी आतड्याची कळी आहे. खसखशीच्या दाण्याएवढी. हसू नका मित्रांनो, आम्हा कळ्यांत काही महिने जगली तिला म्हातारीच म्हणतात.

हिनेवाई नावाच्या मुलीच्या मोठ्या आतड्याला सूज होती, आत जखमा होत्या. शौचातून रक्त पडायचं. नेटबॉलच्या संघातून काढतील म्हणून तिने ते मेरेआना आजीपासूनही लपवलं. चक्कर येऊन पडली, तेव्हा सगळं बाहेर आलं. दोन औषधं हरली. आणखी एखादं लागू पडलं नाही, तर मोठं आतडं काढून शौचासाठी पोटाला बाहेरून पिशवी लावायची, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुर्बीण घालून तिच्या आतड्याचे चिमूटभर तुकडे काढले. त्यांतून डनेडिन शहरातल्या एका प्रयोगशाळेत आम्ही उगवलो. मोराग नावाची शास्त्रज्ञ आम्हाला जेलीच्या थेंबात जपायची, गुलाबी पाणी पाजायची.

तुकडे देताना आजीने तिला बजावलं होतं, "अंगाचा कण म्हणजे माणूसच. काम झालं की उरलेलं घरी द्यायचं. कचऱ्यात टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे."

एकदा दोघी आम्हाला बघायला आल्या. आजीने मोरागसाठी तळलेले पाव आणले होते, पण डबा दाराबाहेरच ठेवला.

"खाणं आत नको. अंगाच्या कणाजवळ अन्न नेत नाहीत आमच्यात. नात आहे माझी आत."

मोरागने दारावरची पाटी दाखवली. तिच्यावरही तेच लिहिलं होतं.

"बरंय. आम्ही न लिहिता पाळतो," आजी म्हणाली.

हिनेवाईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "ई! ही मी?"

आजीनेही पाहिलं. "कशी फुगून बसलीय. तूच गं बाई!"

सगळ्या हसल्या. पण हिनेवाईचं हसू टिकलं नाही. "मोराग, पिशवी लागेल का गं?"

"तेच या कळ्यांना विचारणार आहे. पण बशीतलं आणि पोटातलं अगदी एकसारखं नसतं हं. शेवटी डॉक्टर ठरवतील."

मग आमची परीक्षा झाली. सूज आणणारं द्रव्य आमच्यावर सोडलं. काही बहिणींना आधीचंच औषध मिळालं होतं. त्या काळवंडल्या आणि विरून गेल्या. त्यांची आठवण मला अजून येते. मला नव्या गोळीतलं औषध मिळालं होतं. मी अर्धमेली झाले, पण तग धरला. मोरागने मला पुन्हा पुन्हा पाहिलं आणि ती खुर्चीत बसून चक्क रडली.

डॉक्टरांनी तीच गोळी सुरू केली. हळूहळू रक्त थांबलं. पिशवीचं नाव निघेनासं झालं. सुटलो एकदाचे!

आजी मला न्यायला आली, तेव्हा मोराग कचरत म्हणाली, "थोड्या कळ्या गोठवून ठेवू का? दुसऱ्या मुलांच्या कामी येतील."

आजीच्या आधी हिनेवाईच म्हणाली, "राहू देत ना आजी, पाहुण्या म्हणून. मी लपवत होते तेव्हा मला वाटायचं, हे जगात फक्त मलाच झालंय."

"कामाआधी प्रार्थना म्हणायची," आजी मोरागला म्हणाली. "आणि शेवटी घरी पाठवायच्या."

"म्हणेन. मला शिकवाल?"

"शिकवीन की!"

मित्रांनो, निरोप घेताना एवढंच सांगते. पोटातलं दुखणं लाजून लपवू नका. घरच्यांना सांगा.

आता मी बंदराच्या टोकाशी, त्यांच्या घराण्याच्या अंगणात चालले आहे. तिथे कोव्हाईच्या झाडाखाली हिनेवाईची जन्मावेळची वार पुरली आहे. तिच्याशेजारी माझी जागा. हिनेवाई गाडी चालवते आहे, आणि मी आजीच्या मांडीवरच्या विणलेल्या डबीत.

"आजी, भूक लागली. पाव कुठेत?"

"डिकीत. गाडी थांबव आणि बाहेर उभं राहून खा. आतडं आणि जेवण एका ठिकाणी नाही चालायचं."

"माझ्या पोटात एकाच ठिकाणी असतात!"

"शहाणी! उतर खाली."

बाहेर वारा भणाणतो आहे. पोटाची धास्ती न घेता हिनेवाई पाव खाते आहे. आजी काचेतून बघते, डोळे पुसते आणि डबीवर वाकून मला हळूच म्हणते,

"खातेय गं ती. दुसरा घेतला."