आपसूक पडलेली नाल

जत्रेत दहा शिपाई शिट्ट्या फुंकून दमले तरी माणसं ढिम्म हलत नाहीत. हवालदार भागवत मात्र काळ्याभोर काजळ्यावर बसून नुसता आडवा आला की सगळे निमूट मागे सरकतात. घोडा कुणाला काही करत नाही. आडवा उभा राहतो आणि हलत नाही, तेच त्याचं काम.

भागवतच्या बहिणीला, राहात्याच्या जयाला, या घोड्याचं भारी अप्रूप. तिचा करण आयटीआय करून घरी बसलेला, सुप्याच्या कंपन्या दाद देईनात. कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं, पोराला शनी आडवा आलाय, दाराला काळ्या घोड्याची नाल हवी.

"इकतची न्हाई चालत, दादा. चालता चालता आपसूक पडलेली पायजे."

"पोलिसाचा घोडा हाय त्यो. नाली सांडत फिरत न्हाई," म्हणून भागवतने तिला उडवून लावलं. पण भाच्याचं उतरलेलं तोंड काही त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

आणि नेमकी जत्रेच्या बंदोबस्ताला निघताना काजळ्याच्या पुढच्या पायाची नाल खुळखुळली. नालबंद भिमाजी तिथेच तंबाखू मळत बसला होता.

"समदं ठीक हाय न्हवं, हवालदार?"

"व्हय," भागवत म्हणाला. एका दिवसाने काय बिघडतंय, अशी त्याने मनाची समजूत घातली.

दुपारी देवळाच्या पायऱ्यांवर रेटारेटी झाली. खाली बायापोरं चेंगरणार, म्हणून भागवतने घोडा आडवा घातला. त्या गडबडीत नाल निसटून उलटी पडली आणि काजळ्याचा पाय तिच्यावरच आला. खिळा थेट तळव्यात घुसला. त्याच्या अंगभर थरकाप सुटला, पण गर्दी ओसरेपर्यंत तो जागचा हलला नाही. भागवतनेच त्याला तसं शिकवलं होतं.

जखम चिघळत गेली. काजळ्याला कामातून काढलं. नाल मात्र भागवतने राहात्याला पोचती केली, आणि बाकीचं काही बहिणीला सांगितलं नाही.

दिवाळीत तो तिच्याकडे गेला. करण सुप्याला कामाला लागला होता. चौकटीवरच्या नालेला झेंडूची माळ होती. तिच्याखालून आत जाताना भागवतला स्वतःची लाज वाटली.

जयाने चहा दिला आणि ती हळूच म्हणाली, "दादा, आपल्या निकिताचं लगीन कुठं जुळंना बघ. चालता चालता त्याची आनखी येखादी पडली, तर ठिवशील का?"

भागवतने कप खाली ठेवला.

"न्हाई गं," तो म्हणाला. "त्यो आता चालतच न्हाई."