पडकईतली मोकळी जागा

आमची प्रज्ञा अमेरिकेत मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या मशीनवर काम करती. त्याला काटा न्हाई, पारडं न्हाई, तरी म्हणं ते कणाकणाचं वजन सांगतं. पहिल्यांदा ऐकलं तवा मी म्हणलं, गप ए, आईला बनवती व्हय!

तिचा फोन घोडेगावात जलालभाईच्या बूथवर यायचा. त्या दिवशी आहुप्याच्या एसटीनं मी सकाळीच येऊन बसले.

"आई, सेरीन नावाचं अमिनो आम्ल असतं, आपल्या अंगातबी असतं," पोर बोलाय लागली. "त्याचे आठ कण एकत्र येऊन घोळका करतात. मशीनमध्ये आठाचाच घोळका सगळ्यात ठळक दिसतो. परत त्यात डावे-उजवे असतात, आपल्या हातासारखे. डाव्याला डावाच शेजारी लागतो."

"मंग आपली पडकईच की ही!"

पडकई म्हंजी उन्हाळ्यात सगळ्या वस्तीनं मिळून एकेकाच्या उतारावर भातखाचरं बांधायची. आज माझं, उद्या तुझं. बाया ओळीनं उभ्या राहून मातीच्या पाट्या हातोहात देतात. प्रज्ञा माझ्या शेजारी असायची, लई बडबड करायची. ती गेल्यापास्नं तिच्या जागी मी कुणाला उभं राहू देत न्हाई. पाटी घेऊन तेवढी पावलं जास्तीची चालती. ओळीतली कुशाबाई वैतागती, "चिमाबाई, भर की गं ती जागा!" मी म्हणती, तुझं काय जातंय?

"आई, हे लोक अजून तीन वर्षं राहा म्हणतात. मशीन माझ्या हाती देणार हायेत. पण तू म्हणशील तर मी परत येते. आजच सांगायचंय त्यांना."

ये गं बाई, ये, असं अगदी तोंडावर आलं व्हतं. जीव नुसता तुटत व्हता. मी म्हणलं, "त्या घोळक्यातला एक गेला तर?"

"तसाच दुसरा येऊन बसतो. घोळका टिकतो." आन हळूच म्हणाली, "माझ्या जागी कोण उभं राहतं गं?"

ईचारलंच कार्टीनं!

"स्वप्ना," मी म्हणलं. "भगवंताची सून. लई चपळ हाय. तुझ्यावाचून काय अडत न्हाई इथं. राहा तू."

पलीकडनं ती मंग बारीक आवाजात म्हणाली, "बरं झालं." रडत व्हती. आईला कळत न्हाई व्हय? जलालभाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आन पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

दुसऱ्या दिवशी पडकईत स्वप्ना खरंच माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"सरक तिकडं!" मी खेकसले. बिचारी घाबरून बाजूला झाली. मी पाटी उचलली आन ती जास्तीची पावलं चालले.