भिंतीवरची फुली

कुंडलिका नदीच्या काठावर, लोखंडाच्या मिलच्या भिंतीला लागून धनगरांची पाच-सहा पत्र्याची घरं होती. नव्या योजनेत ती पट्टी वाटली जाणार होती. जिथं माणसं राहतात तिथं इमारत, आणि त्यात त्यांना एकेक खोली. जिथं कोणी राहत नाही ती जागा मिलला. कोण राहतं ते बघायला मोजणीच्या मॅडम त्या आठवड्यात येणार, एवढं वच्छलाबाईला ठाऊक होतं. त्या नेमक्या तिच्या छकुलीला बघायला पाहुणे आले त्याच सकाळी आल्या.

पाहुण्यांना वच्छलाबाईनं फोनवर सांगितलं होतं, घर कुंभार पिंपळगावला आहे, हे नुसतं मेंढरांचं ठिकाण. पिंपळगावचं घर दिरानं कधीच घशात घातलं होतं. पण मिलच्या काजळीत राहणाऱ्यांची पोरगी कोण करणार? आदल्या दिवशी तिनं चूल मोडून जमीन सारवली आणि भांडी, गोधड्या शेजारच्या सोनूबाईकडं नेऊन ठेवल्या. खोलीत सतरंजी तेवढी उरली.

मुलाचे मामा साहेबराव सतरंजीवर बसून सोनूबाईकडून आलेला चहा पीत होते. दारात मॅडम आणि रंगाचा डबा घेतलेला माणूस उभा राहिला.

"इथं कोण राहतं?"

"आम्हीच," वच्छलाबाईचा नवरा आबाराव म्हणाला.

वच्छलाबाई हसली. "ह्यांचं नका ऐकू मॅडम. मेंढरामागं फिरून डोकं फिरलंय ह्यांचं. आमचं घर गावाकडं हाय. ह्या धुरात कोन राहील?"

आबारावानं पाहुण्यांकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. "चूल नाही, अंथरूण नाही. नीट विचार करून सांगा बाई. मागाहून बदलता येत नाही."

साहेबराव कप तोंडाशी धरून ऐकत होते.

"बिलकुल न्हाई राहत," वच्छलाबाई म्हणाली.

बाहेर भिंतीवर लाल फुली पडली. सोनूबाईच्या भिंतीवर नंबर पडला.

चपला घालता घालता साहेबराव फुलीपाशी थांबले. "मंग तुम्हाला खोली न्हाई भेटायची?"

"काय करायची? गावाकडं एवढं मोठं..."

"गावाकडचं घेऊन आम्ही काय करू? पोरगा ह्याच मिलमधी लागलाय, भाड्यानं राहून राह्यला. मध्यस्थ म्हनला, नदीकाठी खोली भेटनार, एकुलती पोरगी हाय. म्हनून तर आल्तो."

वच्छलाबाई धावत सुटली. तिनं मॅडमना शेवटच्या घरापाशी गाठलं. "राहतो मॅडम, आम्ही हितंच राहतो."

"मग मघाशी खोटं बोललात?"

पाहुणे मागून ऐकत होते. "हौ," ती म्हणाली.

"घ्या," साहेबराव हसले. "बरं झालं, आधीच कळलं."

"रिकामी खोली मी डोळ्यांनी पाहिलीय," मॅडम म्हणाल्या, आणि मोटारीत बसल्या.

साहेबराव सोनूबाईच्या नंबराकडं बघत उभे होते. "मावशी, तुमच्यात हाय का कोनी लग्नाची?"

सोनूबाईनं वच्छलाबाईकडं एकदा पाहिलं. "हाय की, आमची मोनिका. या ना, आत या."

पाहुणे आत गेले. थोड्या वेळानं सोनूबाई वच्छलाबाईच्या दारात आली. तिचा आवाज मऊ होता.

"छकुले, ती अंगावरची नवी साडी दे गं जरा मोनिकाला. तुला आज काय कामाची आता?"

वच्छलाबाई काही बोलेल म्हणून छकुली थोडी थांबली. मग आबाराव उठून बाहेर गेला, त्यानं मागं दार ओढून घेतलं, आणि आत छकुली निऱ्या सोडू लागली.