काजळी घोडीची दुपारची बैठक

यातलं अक्षरही कुणाला खरं वाटणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. तापीकाठच्या प्रकाशा गावात एक गोष्ट नऊ उन्हाळे चालली. एकच गोष्ट. पहिल्या निवडणुकीच्या पेट्या बैलगाडीतून गावात आल्या, त्या साली ती सुरू झाली. मधल्या काळात दोन सरपंच झाले, त्यातला एक वारलाही. गोष्ट सुरू झाली तेव्हा पाळण्यात असलेली पोरं म्हशी राखायला लागली. पण हरवलेल्या शिंगराच्या शोधात सात नद्या ओलांडायला निघालेली काजळी घोडी तिसऱ्या नदीत पोटापर्यंत पाण्यात उभी होती ती उभीच. तिच्या शेपटीला शेवाळ आलं असेल, असं गावातले टवाळ म्हणत.

ही घोडी होती धुडकू नावाड्याची. म्हणजे त्याच्या गोष्टीतली. खऱ्यात धुडकूकडे शेळीसुद्धा नव्हती. उन्हाळ्यात तापी आटली की लोक धोतर वर खोचून चालत पार जात आणि धुडकूची नाव वाळूत पालथी पडे. मग तो अनुसयाबाईच्या ओसरीवर जाऊन बसे.

अनुसयाबाई गुजर पाटलीण. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, पण तिच्या आवाजाने अजून चार शेतांतले बैल वळत. पेरणीसाठी लागणाऱ्या भुईमुगाच्या शेंगा तिच्याकडे चैत्रापासून फोडायला घेत. वीस-पंचवीस बाया ओसरीवर ओळीने बसत, पुढ्यात शेंगांचा ढीग, बाजूला दाण्यांची मडकी. नुसत्या शेंगा फोडून माणसाला झोप येते, म्हणून गोष्ट सांगणारा हवा. बैठका दोन. सांजेची बैठक मानाची. ऊन उतरलेलं, ओट्यावर पाणी मारलेलं, बायांच्या अंगात जीव आलेला. दुपारची बैठक म्हणजे शिक्षा. त्या वेळी प्रकाशातले कावळेदेखील चोच उघडी टाकून पेंगतात.

कुणाच्या गोष्टीत किती काम झालं हे अनुसयाबाई मोजे, पण दाणे मोजत नसे. पेरणीआधी बियाणं मोजलं तर बरकत जाते, हे तिच्या सासूने सांगितलेलं आणि तिने पदराला बांधलेलं. म्हणून ती फोलपटं मोजे. बैठक उठली की गोष्ट सांगणाऱ्याच्या पुढ्यात सगळी फोलपटं झाडून ढीग करायचा आणि एकाच टोपलीने मापायचा. बाई स्वतः ओसरीवर बसत नसे. ती आतल्या दारापाशी, उंबऱ्याच्या पलीकडे, सूप घेऊन दाणे पाखडत बसे.

आठ उन्हाळे सांजेची बैठक धुडकूची होती. दुसरा कुणी नव्हताच, त्यामुळे फोलपटांना कुणी विचारलं नाही. नवव्या उन्हाळ्यात सुकलाल लोहार आला.

सुकलालचा भाता बसला होता आणि तोंड रिकामं होतं. त्याला दुपारची बैठक मिळाली. त्याची गोष्ट कसली? एक राक्षस, एक राजपुत्र आणि दिवसभर मारामारी. पण तो बोलायचा घण मारल्यासारखा. “हान! राक्षसले हान! दे! आखो दे!” पहिल्या दुपारी अकरा टोपल्या फोलपटं निघाली. त्याच सांजेला धुडकूच्या पुढ्यात निघाली पाच.

पाच आणि अकरा. धुडकूच्या पोटात त्या अकरा टोपल्या कुणी पेटवून ओतल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून त्याला सुकलालचं काही म्हणता काही बघवेना. सुकलालची मिशी बघवेना, त्याच्या अंगातली छिटाची बंडी बघवेना. सुकलाल पाणी प्यायला तरी धुडकूला वाटे, नदी माझी आणि पितोय हा. दुपारी तो घरी आडवा पडे आणि चार घरं पलीकडून अनुसयाबाईच्या ओसरीवरचा शेंगा फुटल्याचा आवाज येई. फट्‌, फट्‌, फट्‌. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. त्याच्या स्वतःच्या बैठकीत हा आवाज कसा येई? आधी फट्‌फट्‌, मग फट्‌, मग कुठेतरी एखादा चुकार फट्‌, आणि मग काहीच नाही. आतलं सूपही थांबे. धुडकूला वाटे, पेंगली म्हातारी.

घरात बायको सिंधुबाई होती. तीही शेंगा फोडायला जाई, दोन्ही बैठकांना.

“कशी शे त्यानी गोट?” धुडकूने एकदा भिंतीकडे तोंड करून विचारलं.

“माले काय माहीत? कोन ऐकस?” सिंधुबाई भाकरी थापत म्हणाली. “हात चालस आन तोंडबी चालस. दुपारले मी आन रमिलाबाई साऱ्या गावन्या सुना निवाडी टाकतस.”

“आन मन्ही?”

“तुमन्या गोटमा हातच चालत नही बा मन्हा.”

हे ऐकून धुडकू जेवला नाही. घरची बायको तोंडावर सांगते, तुमच्या गोष्टीत हात चालत नाही! नऊ वर्षं जिला घोडीवर बसवून फिरवलं तीच अशी उलटली! त्या वाक्याचा दुसरा काही अर्थ निघत असेल हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. तिथे अकरा टोपल्या भरल्या होत्या.

आठवडा झाला तसं अनुसयाबाईने बैठका बदलल्या. सुकलाल सांजेला, धुडकू दुपारी. सुकलालच्या टोपल्या चौदावर गेल्या. धुडकूच्या तीनवर आल्या. तिसऱ्या टोपलीत बुडाला हात लागे.

मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस असताना बाईने त्याला उंबऱ्यापाशी बोलावलं.

“धुडकू, गोट लांबनी भो. आखाजीले संपाडी टाक.”

“माय, आजून चार नद्या बाकी शेत!”

“पूल बांध त्यासवर,” बाई म्हणाली. “आखाजीले लेकी माहेरले येतीन, ओसरी भरी जाई. दोन्ही बैठका सुकलालले देनार शे मी. माले गोट काय करनी शे? मी काय ऐकाले बसस? माले बियानं पाह्यजे.”

धुडकूच्या पायाखालची वाळू सरकली. गोष्ट संपव म्हणजे काय? शेवट त्याच्याजवळ नव्हताच. नऊ वर्षांत त्याने शेवटाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. रोज नाव पाण्यात ढकलावी तशी तो घोडी ढकले, आणि ती नेईल तिकडे जाई. आणि उन्हाळाभर ती ओसरी नसेल तर धुडकू म्हणजे कोण? पालथ्या नावेशेजारी बसलेला एक पालथा माणूस. त्यातून आखाजीच्या झोक्यावर बसून लेकीबाळी सुकलालच्या राक्षसाचं कौतुक करणार, हे तर मेल्यावरही सहन झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो सुकलालची बैठक ऐकायला ओट्याच्या कोपऱ्यावर जाऊन बसला. शत्रूचं हत्यार बघावं म्हणून. त्याने पाहिलं, राक्षसाचं मुंडकं उडालं तेव्हा रमिलाबाई शेजारणीला लोणच्याचं मीठ सांगत होती. राजपुत्र मेला तेव्हा कुणी वर पाहिलं नाही. तो पुन्हा जिवंत झाला तेव्हाही नाही. तळोद्याच्या वरच्या डोंगरातून दरसाल कामाला येणारी रूपलीबाई तर आपल्या बोलीत गाणं गुणगुणत होती. आणि हात? हात वाऱ्यासारखे.

“कशी वाटनी, धुडकूदादा?” सुकलालने बैठक उठल्यावर मिशीवर हात फिरवत विचारलं. “चौदा भरन्यात आज. तुन्ही घोडी बठेल शे का मरेल?”

“घोडी मन्ही पानी पी ऱ्हायनी,” धुडकू म्हणाला. “तुन्हा राक्षस रोज मरस, लाज कशी वाटत नही त्याले?”

बोलायला बोलला, पण घरी जाताना त्याला एकच आकडा दिसत होता. चौदा.

आता माणूस असा जळायला लागला की त्याला अक्कल सुचते, पण ती जळकीच असते. मोजून झालेली फोलपटं गोठ्यामागे नेऊन टाकत. पुढे चुलीत जाळायला. तिथे डोंगर झालेला. धुडकूने ठरवलं, फोलपटांना काय नाव लिहिलंय? सकाळी बाया नदीवर गेल्या की तो पोतं घेऊन गोठ्यामागे जाई, सुकलालच्या कालच्या फोलपटांनी भरी आणि आपल्या बैठकीच्या जागी घोंगडीखाली दडवी. बैठक उठताना घोंगडी झटकायची, की पोतं मोकळं.

पहिल्या दिवशी सात टोपल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी हाव सुटली आणि त्याने दोन पोती आणली. अठरा टोपल्या! सुकलालचं तोंड भात्यातली हवा गेल्यासारखं झालं. ते तोंड बघून धुडकूला जे सुख झालं, तेवढं त्याला स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं. आपण सुकलालच्याच फोलपटांनी सुकलालला हरवतोय, हे आठवून तो नदीकाठी एकटाच हसला. इतका, की वाळूतल्या टिटव्या उडाल्या.

चौथ्या दिवशी दुपार. आखाजीला दोन दिवस. लेकी आलेल्या, ओसरी गच्च. सुकलालही आलेला, कोपऱ्यात. धुडकूने घोंगडी झटकली. एकवीस टोपल्या.

आणि आतून अनुसयाबाई सूप हातात घेऊनच बाहेर आली. तिने उंबरा ओलांडला हेच नवल होतं. तिने ढिगाकडे पाहिलं. मग दाण्यांच्या मडक्यांकडे. एकवीस टोपल्या फोलपटांमागे मडकी भरली होती दोन, आणि दुसऱ्याचा गळा उघडाच.

“धुडकू,” ती हळू आवाजात म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. “दाना कोठे गयात?”

कुणाच्या लक्षात यायचं ते आलं. फोलपटं आहेत, दाणे नाहीत. म्हणजे दाणे कुणीतरी नेले. आणि ढिगापाशी बसलेला माणूस एकच होता. बियाण्याची चोरी म्हणजे तापीकाठी माणूस मारल्यासारखी.

“खादात वाटतं दुपारना,” सुकलाल म्हणाला. “म्हनीसन गोट हळू चालस. तोंड भरेल ऱ्हास ना!”

एक-दोघी हसल्या. सिंधुबाई हसली नाही. तिने पदर तोंडाशी धरला.

धुडकूपुढे दोन वाटा होत्या. पोत्याचं खरं सांगावं, तर चोर नाही पण लबाड ठरणार. सुकलालच्या फोलपटांवर जगलेला नावाडी म्हणून पोरं मागे लागणार. घोडी तिथल्या तिथे बुडणार. गप्प बसावं, तर बियाणंचोर. त्याने एकदा सुकलालच्या मिशीकडे पाहिलं आणि तिसऱ्या वाटेला लागला. ती वाट त्याला पायाखालची होती.

“माय,” तो म्हणाला, “खरं सांगस. मी नही खादात. काजळीनी खादात.”

“कोन काजळी?” माहेरी आलेली एक लेक विचारू लागली, तिला तिघींनी कोपरं मारली.

“परवा दुपारले,” धुडकू सांगू लागला, “तुम्ही पेंगेल व्हत्यात. मी तिले हाका मारी ऱ्हायनू, का ये बाई, नदीमाईन बाहेर ये. नऊ वरीस पान्यामा उभी शे, पाय सडी जातीन. आन दारमा टापा वाजन्यात. पाहस तं काजळी! आंगवर पानी गळी ऱ्हायनं. भिंतले टेकीसन उभी ऱ्हायनी…”

त्याचा आवाज बदलला. चोरी विसरला, सुकलाल विसरला. घोडी कशी आत आली, तिच्या अंगावरचं पाणी ओट्यावर कसं सांडलं, ते कुठल्या नदीचं होतं ते वासावरून त्याला कसं कळलं, तिने त्याच्या खांद्यावर तोंड ठेवून कसा श्वास सोडला… रमिलाबाईच्या बोटात शेंग होती, ती तशीच राहिली. रूपलीबाईला त्याची बोली अर्धीच कळे, पण तिचा हात मडक्यावर अधांतरी थांबला. दुसरीचा थांबला. पंचवीस बायांचे पन्नास हात, एक हलेना. शेंग फुटल्याचा एक आवाज नाही. कोपऱ्यातला सुकलाल पुढे सरकून बसला आणि आपण सरकलो हे त्याला कळलं नाही.

अनुसयाबाई ढिगापाशी उभी होती. तिच्या हातातलं सूप तिरकं झालं होतं आणि त्यातून दाणे एकेक करून पायावर पडत होते.

“भुकेली व्हती बिचारी,” धुडकू म्हणाला. “मडकामा तोंड घालं, आन दाना खावाले लागनी. मी कसा नही म्हनू? कराकरा दाना खादात तिनी, आन फोलपटं—”

“खोटं!”

अख्खी ओसरी दचकली. अनुसयाबाईच्या कपाळाची शीर फुगली होती.

“धडधडीत खोटं बोली ऱ्हायना तू! काजळी दाण्याले तोंड लावसच कशी? शिंगरू सापडस नही तवलोंग दाना खावाव नही, आशी शप्पथ खायेल शे तिनी! पाचवा उन्हायामा, आखाजीना दुसरा दिन, तूच सांगेल शे! आन मी आठे चार वरीसपाईन वाट पाही ऱ्हायनी, ते शिंगरू कोठे शे?”