नावड्याची माती

पहिला झुबका हातात आला तेव्हा सगुणाबाईला वाटलं, मातीत एखादं मूळ राहिलंय. माती तिने फडक्यातून गाळून घेतली होती, एकदा नव्हे दोनदा. तरी राहिलं असेल म्हणून तिने ते मोरीच्या कडेला टाकलं आणि लेकीच्या डोक्यावर पुन्हा तांब्या ओतला. या खेपेला बोटांत जे आलं ते मूळ नव्हतं. हातभर लांबीचे केस होते ते, आणि ओढावे लागले नव्हते. पाण्याबरोबर आपणहून निघून आले होते.

"आये, जलतंय," खाली मान घालून बसलेली अक्षता म्हणाली. मघापासून ती हेच म्हणत होती.

मघापासून सगुणाबाई तिला दटावत होती. जरा चुणचुणणारच, माती जिवंत आहे, हलू नकोस, घराण्यातल्या सगळ्या नवरीमुलींनी सोसलंय, तुलाच काय सोन्याचं डोकं आलंय. वर ओल्या फडक्याने डोकं बांधून, खांदे दाबून धरून तिने पोरीला तासभर बसवून ठेवलं होतं.

भाडेकरू जयमाला गरम पाण्याची कळशी घेऊन दारात आली आणि जागच्या जागी थबकली. कळशी तिने कशीबशी खाली ठेवली. "काकू, थांबा. अवो, बघा तरी काय चाललंय," ती म्हणाली आणि सगुणाबाईला बाजूला करून पिंपातलं गार पाणी भराभर अक्षताच्या डोक्यावर ओतायला लागली. मोरीतून काळं पाणी वाहत होतं आणि जाळीवर केसांचा ढीग साचत होता. सगुणाबाई हात तसेच पुढे धरून उभी राहिली.

आता सगुणाबाई म्हणजे काय बाई होती ते सांगायला हवं, नाहीतर ही चूक कळायची नाही. घणसोली गावात तिच्या शिकेकाईला तोड नव्हती. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, वाळवलेली संत्र्याची सालं, सगळं ती स्वतः कांडायची, चाळायची आणि पुड्या बांधायची. दिवाळीत तिचं उटणं न्यायला वाशीच्या सेक्टरांतल्या बायका रिक्षा करून यायच्या. घरात टूथपेस्टची नळी आणायची छाती कोणाची नव्हती. नवरा सिताराम जन्मभर राखुंडीने दात घासत आला होता आणि त्याबद्दल त्याला कोणी काही विचारलंही नव्हतं. टीव्हीवर शॅम्पूची जाहिरात लागली की सगुणाबाई टीव्हीशीच भांडायची. त्या पुडीत केमिकल असतं, ती म्हणायची, टकली व्हाल एक दिवस सगळ्या. जयमालासारख्या साताऱ्याकडून आलेल्या भाडेकरणी हसायच्या, पण शिकेकाई तिचीच न्यायच्या, कारण गुण येत होता. ते खोटं नव्हतं. अक्षताची वेणी पार कमरेच्या खाली जायची आणि गावात लग्नाकार्याला गेली की म्हाताऱ्या बायका ती हातात धरून बघायच्या.

अक्षता वाशीला एका हापिसात टेलिफोनवर बसायची. लग्नासाठी तिने पार्लरवालीला सांगून ठेवलं होतं. सगुणाबाईने ऐकलं आणि दोन दिवस ती जेवली नाही. तिच्या घराण्याची रीत होती, हळदीच्या आदल्या दिवशी नवरीचं डोकं तिच्या आईच्या माहेरच्या मातीने धुवायचं. तिच्या स्वतःच्या लग्नात तिच्या आईने आणलेली माती तिला आठवत होती. पोटी ही एकच पोर. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली त्या दिवशी परक्या बाईने लेकीच्या डोक्यावर कसलासा फेस काढायचा, हे तिला सहन होईना. शेवटी अक्षताच विरघळली. पार्लर रद्द झालं. आई हसली म्हणून लेकही हसली, आणि हसत हसत म्हणाली की बरं, तुझी माती तर तुझी माती.

आठवडाभर आधी सगुणाबाई माहेरी, नावड्याला जाऊन आली. पनवेलपर्यंत एस्टी आणि पुढे सहा सीटर रिक्षा. भाऊ वारून बरीच वर्षं झाली होती, घरात वहिनी सुमित्राबाई होती, आणि नणंद-भावजयींचं कधी फारसं जमलं नव्हतं. नदीवर माती आणायला जाते म्हटल्यावर सुमित्राबाई म्हणाली की वन्सं, आता तिकडं कोनी जात नाय. सगुणाबाईने न्हाणीघरात बघितलं तर खिळ्याला शॅम्पूच्या पुड्यांची माळ लोंबत होती. झालं. तिला सगळा उलगडा झाला, निदान तसं तिला वाटलं.

"जमिनी गेल्या, बंगलं झालं, नि आता मातीची लाज वाटाया लागली तुमाला," ती म्हणाली.

सुमित्राबाईने आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं आणि ती चुलीकडे वळली. जीभ सैल सुटली की सगुणाबाईपुढे कोणाचं काही चालत नसे, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

काठावर कोणी नव्हतं. लहानपणी जिथे पाय ठेवायला भीती वाटावी इतकी खेकड्यांची बिळं असायची तिथे एकही बीळ दिसलं नाही. सगुणाबाईला ते दिसलं, पण लोकांनी खाऊन संपवले असतील, असं तिने स्वतःला समजावलं. माती मात्र पूर्वीपेक्षाही मऊ निघाली, लोण्यासारखी, वर निळसर चकाकी असलेली. ती हरखली. सळईने खणून तिने पिशवी भरली आणि लहान मुलीसारखी उराशी धरून घणसोलीला आणली.

भिजत घातल्यावर मातीला उग्र वास आला. तिने त्यात कापूरकाचरी आणि नागरमोथा मिसळला. रिवाजाप्रमाणे आधी स्वतःच्या मनगटावर लावूनही पाहिली, पण तिचे हात अर्धं आयुष्य मिठागरात राबलेले होते. त्या कातडीला उकळतं पाणीसुद्धा उशिरा कळायचं. काही होत नाही म्हणून ती निर्धास्त झाली.

जयमालाचा नवरा कृष्णात मार्केटात माथाडी होता. मोरीतला प्रकार कळताच तो ओळखीचा टेम्पो घेऊन आला आणि त्याने अक्षताला वाशीच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरने डोकं बघितलं आणि काय लावलं होतं म्हणून विचारलं. सगुणाबाईने माती म्हणून सांगितलं. नुसती माती का, त्याने पुन्हा विचारलं. नुसती, घरची, बिनकेमिकलची, असं ती म्हणाली आणि म्हणता म्हणता तिचं तिलाच ते कसंसं ऐकू आलं. मग डॉक्टरने सांगितलं की कातडी भाजली आहे, उरलेले केस काढावे लागतील. पुढचे येतील परत. मागचे आणि कानावरचे येतील असं तो सांगू शकत नव्हता.

अक्षता रडली नाही. तिने डोळे मिटून घेतले आणि नर्सने उरलेले केस कापून टाकले. दाराशी उभ्या सगुणाबाईला वाटलं, हिने मला शिव्या द्याव्यात, चार लोकांत बोल लावावा, म्हणजे निदान श्वास तरी घेता येईल. पोरीने डोळे उघडलेच नाहीत. सगुणाबाई तिथेच फरशीवर बसली.

संध्याकाळी अंगणात मांडव उभा आणि घरात सुतक असल्यासारखी माणसं बसलेली. नात्यातल्या बायकांनी आपापल्या परीने उपाय काढले. गंगावन लावू, वरून मुंडावळ्या, वरून पदर, कोणाला कळतंय. एकदा मंगलाष्टकं झाली की मग बघू काय ते. सिताराम मान हलवत होता. त्यालाही ते बरं वाटत होतं, कारण मुलाकडचे ऐकून काय म्हणतील या विचारानेच त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ठरलेलं लग्न मोडलेली पोर म्हणजे काय, हे त्या घरात कोणाला सांगायला नको होतं.

आतून अक्षता म्हणाली, "लपवून मी उभी रानार नाय. सांगायचं असेल तर आत्ता सांगा."

सांगायला कोण जाणार यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सगुणाबाई उठली, पायात चपला सरकवल्या आणि मुलाच्या घरी जायला रबाळ्याच्या वाटेला लागली. सिताराम मागून येतो म्हणाला, तर तिने हातानेच त्याला थांबवलं.

मुलाची आई केशरबाई ओटीवर विड्याची पानं निवडत बसली होती. उद्याची हळद, घर माणसांनी भरलेलं. सगुणाबाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. माती कुठून आणली, किती वेळ ठेवली, पोर जळतंय म्हणत होती आणि आपण तिचे खांदे दाबून धरले, तेसुद्धा. केस सगळे येतील का, केशरबाईने विचारलं. नाय, सगुणाबाई म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं. वाटेभर तिने एक खोटं तयारही केलं होतं, पण ते तोंडाशी आलं नाही.

अभय, म्हणजे नवरा मुलगा, आतून बाहेर आला. तो नावड्याकडच्याच केमिकलच्या एका कंपनीत ऑपरेटर होता. माती कुठची, त्याने विचारलं, आणि नावड्याची म्हटल्यावर तो ओटीच्या कडेला मटकन बसला.

"मावशी, कंपन्यांचा पानी सोडतात त्या नदीत, आमी बूट घालूनपन उतरत नाय," तो हळू आवाजात म्हणाला. "सगल्यांना ठाव हाय. तुमाला कोनी सांगितला नाय?"

सगुणाबाईच्या डोळ्यांपुढे चुलीकडे वळणारी सुमित्राबाई आली. काय सांगणार होती ती, आणि आपण कशाने तिचं तोंड बंद केलं, हे तिला आत्ता कळलं. सांगणारं माणूस होतं. तिनेच ऐकून घेतलं नव्हतं.

केशरबाई उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात शिकेकाईची पुडी होती, सगुणाबाईच्या घरची, अर्धी वापरलेली. ती तिने सगुणाबाईच्या हातात परत ठेवली. त्या पुडीत वाईट काही नव्हतं हे दोघींनाही माहीत होतं. सगुणाबाईने ती घेतली आणि पदरात बांधली.

"पोरीला दुखतंय फार?" अभयने विचारलं. सगुणाबाईने हो म्हणून मान हलवली. तो आईकडे वळला. केशरबाईने पानांची टोपली बाजूला सारली.

"जखम सुकू दे," ती म्हणाली. "मंग लावू हलद. हलद गालाला लागते, केसांना नाय."

मांडव उतरला आणि पुढच्या मुहूर्ताला पुन्हा चढला. मधल्या काळात जयमाला रोज मलम लावायची, आणि सगुणाबाई तेवढ्या वेळापुरती शेजारच्या खोलीत जाऊन बसायची. शिकेकाई न्यायला बायका आल्या की ती नाही म्हणून सांगायची. का म्हणून कोणी विचारत नव्हतं, गावभर झालंच होतं सगळं. अक्षता आईशी पूर्वीसारखी बोलायची, तिच्या हातचं जेवायची, कधी काही चेष्टाही करायची. त्या दिवसाचा विषय तिने एकदाही काढला नाही. मग हळूहळू सगुणाबाईलाही वाटायला लागलं की पोरीने मनातून काढून टाकलं असावं.

हळदीच्या दिवशी सुमित्राबाई नावड्याहून आली. सगुणाबाईने तिचे पाय धरले. सुमित्राबाईने तिला वर उठवलं. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीने धवळे गायला सुरुवात केली. अक्षता पाटावर बसली, डोक्याला हिरव्या साडीचा पदर घट्ट गुंडाळलेला, पदराखाली केसांची जेमतेम लव. तिने गंगावन लावू दिलं नव्हतं. पहिली हळद आईची, म्हणून बायकांनी वाटी सगुणाबाईपुढे धरली. तिने हात सकाळपासून इतक्या वेळा धुतले होते की बोटांची कातडी सुरकुतली होती.

तिने बोटं हळदीत बुडवली आणि लेकीच्या गालाकडे हात नेला. अक्षता एकदम मागे सरली. मान अशी खांद्यात गेली, आणि पाट सरकला. धवलारीण गाता गाता थांबली. अक्षतालाही ते अनपेक्षित होतं. तिचं तोंड तिच्या आईइतकंच पांढरं पडलं होतं.

सगुणाबाईने हात मागे घेतला आणि वाटी सुमित्राबाईकडे द्यायला वळली. तेवढ्यात अक्षताने तिचं मनगट पकडलं. डोळे तिने गच्च मिटून घेतले, खांदे आवळून धरले, आणि आईचा हात ओढून स्वतःच्या गालावर ठेवला. तिची हनुवटी थरथरत होती. ते सगुणाबाईच्या बोटांना कळत होतं. जिथे उकळतं पाणी उशिरा कळायचं तिथे हे लगेच कळलं.

"लाव, आये," अक्षता डोळे न उघडता म्हणाली.

सगुणाबाईने हळद लावली, एका गालाला आणि मग दुसऱ्या. धवलारणीने पुन्हा गायला सुरुवात केली, बाकीच्या बायका वाटीकडे सरकल्या, आणि अक्षताने डोळे उघडले ते आईचा हात तिच्या गालावरून निघाल्यावर.